हडळीचं गाऱ्हाणं

बावीस वर्षं मी आमच्या वाडीच्या नमनात गवळण झाले. नमन म्हणजे शिमग्यात देवापुढे नाचतो-गातो तो आमचा खेळ, आणि त्यात बाईचं काम पुरुषानंच करायचं अशी रीत. मी ते केलं, आणि इतकं बरं केलं की लोक मला वर्षभर 'लवू गवळण' म्हणायचे. रेशनकार्डावर माझं नाव लवू, भावाच्या तोंडात लव्या. मी स्वतःला ठेवलेलं नाव वेगळं आहे, राही. पंधराव्या वर्षी बांधावरचं गवत कापता कापता ठेवलं. बारसं बिरसं काही झालं नाही, गवतानं ऐकलं असेल तेवढंच. तर मी बाईसारखी बोलते आहे ह्याचं कोणाला नवल वाटत असेल तर त्यानं ते इथेच वाटून घ्यावं, पुढे वेळ नाही.

केस माझे कंबरेपर्यंत आहेत. बाकीचे टोप घालायचे, मला कधी टोप लागला नाही. एरवी एखाद्या बाप्यानं असे केस वाढवले असते तर वाडीनं त्याला धड जगू दिलं नसतं. पण "देवाच्या कामाला ठेवल्यात" म्हटलं की सगळ्यांची तोंडं बंद. शिमगा पंधरा दिवसांचा, केस मात्र बारा महिने माझे. लावणीच्या दिवसांत गडी नांगर धरतात आणि बायका रांगेनं भाताची रोपं लावतात. मी बायकांच्या रांगेत. गडी हसायचे. मी सांगायचे, सराव करतोय, गवळणीची कंबर वाकायला नको का? म्हणजे बघा, जे खरं होतं ते मी बावीस वर्षं नाटक म्हणून खपवलं. दमायला होतं माणसाला.

माझा थोरला भाऊ भिकाजी गावचा मानकरी. देवळातल्या प्रत्येक कार्याला तो पुढे. मी गवळण झाले की हा पहिल्या ओळीत मांडी घालून बसायचा, आणि कोणी अचकट विचकट बोललं तर बॅटरी घेऊन माणसांत शिरायचा. एकदा पालीच्या एका आडदांड गड्याच्या कानाखाली त्यानं अशी काढली की तो पुन्हा आमच्या वाडीच्या शिमग्याला फिरकला नाही. माझं गाणं ऐकताना भिकाजीचे डोळे भरायचे, हे मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मात्र तो माझ्या केसांकडे बघायचा नाही. मी चहाचा कप पुढे केला की कपाकडे बघायचा.

शहाऐंशीच्या शिमग्याआधी मुंबईहून आमच्या वाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी बाबल्या आला. आमच्या ओटीवर बसला, माझ्या हातचा चहा घेतला आणि म्हणाला, "लवूदा, औंदा तुमी जरा इश्रांती घ्या. मंडळाचा ठराव झालाय. दोन पोरी आनतंव मुंबयसून, आर्केस्ट्रातल्या. खऱ्या बायका. पब्लिकला आता तसाच लागता."

"आनि मी?"

"तुमाला म्हाताऱ्याचा काम हाय ना. दाढी लावायची, काठी टेकायची. बसूनसुद्धा करता येता."

खऱ्या बायका. हे माझ्या तोंडावर, माझ्याच कपातून चहा पिता पिता. मला राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी आमच्या घरात काळं भांडं म्हणून उरलं नाही. माझी वहिनी सगुणा चुलीशी बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "पातेल्याला भोक पडल, ठेवा आता."

शिमगा झाला. त्या पोरी आल्या, नाचल्या, गेल्या. बिचाऱ्या चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा राग नाही. एकीनं तर मला विचारलं, केसांना काय लावता. पण पालखी देवळात परत गेली आणि आठच दिवसांनी भिकाजीनं विषय काढला.

"लव्या, आता गवळण नाय. केसांचा आता काय काम?"

मी केस गुंडाळून मागे टाकले.

"कमळाला बघाया पाव्हणे येनार हायत, म्हयन्याच्या शेवटच्या आयतवारी. घरात असा..." पुढचा शब्द त्याला सापडला नाही, आणि मीही मदत केली नाही. "विठूला बोलावतंय. यील आनि काढून जाईल."

विठू म्हणजे आमचा केस कापणारा. कमळा भिकाजीची एकुलती लेक, मी खांद्यावर खेळवलेली. तिचं जमावं असं मलाही वाटत होतं, आणि पाव्हण्यांनी ओटीवर पाय ठेवल्या ठेवल्या काय बघितलं असतं तेही मला कळत होतं. भिकाजीचं चूक नव्हतं, हाच तर त्रास. माणूस वाईट असला तर भांडून मोकळं होता येतं. चांगल्या माणसाशी भांडायचं म्हणजे भिंतीला पाठ घासल्यासारखं, आपलीच सालटी निघतात.

"एक डाव करू दे," मी म्हटलं. "शेवटचा. मंग विठू यील तर यील."

त्याचं असं झालं होतं, आदल्याच आठवड्यात देवरूखच्या बाजारातून मी सुके बोंबील आणले होते. ते ज्या पेपरात बांधले होते त्यात रत्नागिरीच्या एकपात्री स्पर्धेची जाहिरात होती. शनिवार, दुपारी अडीच वाजता, प्रत्येकाला वीस मिनिटं. बोंबलाचा वास त्या कागदाला असा लागला होता की मी तो चार दिवस गोठ्यात लपवून ठेवला होता.

"एकपात्री म्हंजे काय?" भिकाजीनं विचारलं.

"एकट्यानच सगळी कामं करायची."

"ती तर करताच तुमी," वहिनी आतून म्हणाली.

भिकाजी हसला नाही. "केस काढून नाय होनार ता काम?"

"नाय होनार. हडळीचं काम हाय."

तो अंगणाकडे बघायला लागला. मग म्हणाला, "सनवारी नाटक, सोमवारी विठू. देवाशप्पत सांग." मी शपथ नाही घेतली, पण बरं म्हटलं.

हडळीची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ. एक गडी तिन्हीसांजेला विहिरीवर जातो. तिथे देखणी बाई केस मोकळे सोडून बसलेली, पाय मात्र उलटे. गडी हुशार, मागून जाऊन तिची एक बट कापतो आणि घरी आणून कणगीत, भाताच्या तळाशी लपवतो. बट ज्याच्या घरात, हडळ त्याच्या घरात. ती मुकाट येते, त्याची बायको होते, दहा जणींचं काम एकटी उपसते. पुढे कधीतरी बट तिच्या हाती लागते, आणि सगळ्या घराचं वाटोळं करून ती निघून जाते. इथे ऐकणारी पोरं किंचाळतात. मी लहानपणी किंचाळले नव्हते. मला वाटलं होतं, सुटली बिचारी.

माझ्या गोष्टीत विहीर नव्हती. माझी हडळ त्या घरातच जन्मली होती. तिचे केस जरा वाढले की घरातले कापायचे आणि कणगीत टाकायचे. कापता कापता तिला बाप्याच्या नावानं हाक मारायचे, आणि ती ओ द्यायची. दहा जणांचं काम ती करायची, कारण माणूस राबत असलं की त्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही. पाय उलटे होतेच. ती आपल्या वाटेनं पुढे चालली तरी लोकांना वाटायचं, ही मागे चाललीय.

इथपर्यंत जमलं. शेवट जमेना. बट हाती लागते, पण मग ती जाणार कुठे? तिची ना विहीर, ना चिंच. दुपारी सगळे लवंडले की मी गोठ्यात तालीम करायचे, आणि वहिनी कुळीथ निवडत बसायची. एकदा मी घराचं वाटोळं करून दाखवलं. गोठ्यातली टोपली भिरकावली, दात खाल्ले, म्हैस दावं तोडायला निघाली.

"वाटोळा करू नका घराचा," वहिनी म्हणाली. "कमळाचा लगीन व्हायचा हाय."

"मंग काय करील ती?"

"आपन काय करतंव? काय सुचंनासा झाला की देवाला गाऱ्हाना घालतंव. तीबी घालील. हडळ झाली म्हनून देव काय तिचा नाय?" मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "वन्सं, केस कोरडं झाल्यात. हितं बसा, तेल लावतंय."

चारचौघांत वहिनी मला भावजी म्हणते. गोठ्यात वन्सं, एखाद वेळी राहीसुद्धा. कधीकाळी थट्टेत सुरू झालं होतं. थट्टा कधी संपली ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. मी, भिकाजी आणि वाडीतले सात-आठ जण, लवूचं शेवटचं बघायला म्हणून. जणू माझी तिरडीच उठणार होती. रत्नागिरीत एका वाचनालयामागच्या हॉलात स्पर्धा होती. पत्र्याखाली उकडत होतं, पंखे होते ते परीक्षकांच्या डोक्यावर. माणसं अर्धी शहरातली आणि अर्धी आपापल्या गड्याबरोबर गावांतून आलेली. पूर्णगडाहून तर एक टेम्पो भरून आला होता. माझ्या आधी कॉलेजातल्या एकानं सीमेवर मरणारा सैनिक केला. तो मरता मरेना. शेवटी परीक्षकांनी घंटा वाजवली तेव्हा कुठे प्राण सोडला त्यानं.

मी रंग लावला नाही. वहिनीचं रोजचं सुती लुगडं नेसले, केस सोडले. नाव पुकारलं, "श्री. लवू, हडळ." लोक हसले. हसू दे म्हटलं, पुढच्या वीस मिनिटांत काय ते बघू.

वीस मिनिटं म्हणजे काही फार नव्हे. नमनात मी पहाटेपर्यंत नाचलेली. पण गवळण करताना मला कधी लागली नाही तेवढी धाप त्या दिवशी लागली. गवळण म्हणजे ठुमका, डोळा, कमरेवरचा माठ. लोकांना बाई म्हणून जे बघायचं असतं ते मी त्यांना दाखवायचे आणि आतलं आत ठेवायचे. इथे आतलंच बाहेर काढायचं होतं. मी उलट्या पायांनी चालले, पाणी आणलं, भात कांडलं, बाप्याच्या नावाला ओ दिली. पहिल्या ओला कोणी तरी फिदी फिदी हसलं. पाचव्या ओपर्यंत हॉल गप्प झाला होता. चौथ्या ओळीत भिकाजी होता. तो नेहमीसारखा माझ्या तोंडाकडे बघत होता, गवळणीकडे बघायचा तसा.

मग कणगीत हात घातला. आपलीच बट पुढे ओढून हातात धरली. आणि गाऱ्हाणं घातलं.

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. एकानं देवाला सांगायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर आपला शब्द द्यायचा. माणसं पाळण्यापासून हे ऐकत आलेली असतात. गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की तोंड आपोआप उघडतं, डोक्याला विचारत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण तालमीत समोर एक वहिनी आणि एक म्हैस. पुढे माणसं असतील आणि ती ओ देतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," चौथ्या ओळीतून पहिला आवाज आला. भिकाजीचा. तो मानकरी, दहाव्या वर्षापासून पहिला हुंकार त्याचाच. त्याच्या मागोमाग आमची वाडी, मग पूर्णगडची माणसं, मग सगळा हॉल. पत्रा दणाणला.

 तालमीत ठरलेलं सगळं पुसलं गेलं. तालमीत हडळीचं नाव सखू होतं. "कुना एकाच्या घरची लेक सखू" असं वाक्य होतं. माझ्या तोंडून आलं ते वेगळंच.

"आज तुजी लेक राही तुज्या दारात उभी हाय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तिला बाप्या म्हनून नको, हडळ म्हनून नको, लेक म्हनून ह्या घरात ऱ्हाऊ दे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"भिकाजीची ती भैन हाय. तिचं केस तिच्या डोक्यावर ऱ्हाऊ देत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

चौथ्या वेळी आवाज तितकाच मोठा होता, पण पहिला हुंकार दुसऱ्या कोणाचा तरी होता. मी चौथ्या ओळीकडे बघितलं. भिकाजीचं तोंड उघडं होतं. आपण काय म्हणून बसलो ते त्याला तेव्हा कळलं होतं.

मला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्रावर 'श्री.' आणि एका परीक्षकाचा शेरा, पुरुष असून स्त्रीची देहबोली उत्तम साधली आहे. सैनिकाला दुसरं बक्षीस. मरायला एवढा वेळ लावला त्याचं चीज झालं म्हणायचं.

परतीच्या गाडीत भिकाजी माझ्या शेजारी बसला नाही. वाडीतले बाकीचे पहिल्यांदा जरा बोलले, मग तेही गप्प झाले. दिलेला शब्द त्यांनाही आठवत असणार. पालीला गाडी चहाला थांबली. उन्हं उतरली होती, स्टँडवर आंब्याच्या पेट्या रचल्या होत्या, त्यांच्या आडोशाला भिकाजी उभा होता. मी चहा घेऊन गेले.

"तू देवाला मधी घातलास," तो म्हणाला.

"नाटक होता, दादा."

"गाऱ्हान्याचा नाटक होत नाय. गाऱ्हाना घातला की तो गाऱ्हानाच." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "शंभर मानसांचा शब्द घेतलास. माजा घेतलास. मना इचारलास?"

"मुद्दाम नाय केला. तोंडातनं आला."

"ता मना कळला. म्हनून तर..." त्यानं चहा एका घोटात संपवला. "उद्या देवळात जाऊ. धोंडू गुरवाला सांगू. शब्द मागं घेऊ. मंग सोमवारी काय करायचा ता करू. देवाला दिलेला शब्द डोक्यावर घेऊन मी तुझ्या केसांना कात्री लावनार नाय."

खरं सांगू? मी तिथेच हो म्हटलं असतं. एवढी शिणले होते की कोणी पेटीवर बसवून केस भादरले असते तरी हूं का चूं केलं नसतं. बावीस वर्षं सांभाळलं, एका दुपारी सगळं पत्त्यासारखं मांडून झालं. आता घेऊन जा म्हणावं ज्याला जे हवंय ते.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. दोघंच. भिकाजीनं नारळ घेतला होता. धोंडू गुरव देव धुऊन फुलं चढवत होता. सत्तरीचा माणूस, गावाच्या चार पिढ्यांची गाऱ्हाणी त्यानं देवाच्या कानात घातलेली. त्याला आदल्या दिवशीचं सगळं आधीच कळलं होतं. आमच्या वाडीत बातमी एस.टी.च्या आधी पोचते.

"शब्द मागं घ्यायचाय," भिकाजी म्हणाला.

"घेऊ की," धोंडू म्हणाला. "कुनाच्या नावचा?"

"लव्याच्या."

धोंडूनं फूल देवावर ठेवलं, हात पुसले. "लवूच्या नावानं कुनी काय मागितलाच नाय, मागं काय घेऊ?"

भिकाजी हातातला नारळ फिरवत राहिला.

"भिकाजी, तू मानकरी. तुला मी काय शिकवायचा? शब्द जसा दिला तसाच तोंडातनं काढाया लागतो. गाठ मारली तिथंच सुटते. कुनाच्या नावचा?"

देवळात गार होतं. फरशीवर पाय बरे वाटत होते. मी खांबाला टेकून उभी होते आणि भिकाजीच्या पाठीकडे बघत होते. त्याचा मानेमागचा घाम मला दिसत होता. माणूस एक नाव घ्यायला किती वेळ लावू शकतो ते मी त्या दिवशी बघितलं. बाहेर कोणाची तरी गुरं रानाकडे जाऊन दिसेनाशी झाली, तोपर्यंत तो तसाच उभा होता.

"राहीच्या," तो म्हणाला.

एकेचाळीस वर्षं झाली मला. ते नाव गोठ्यात वहिनीच्या तोंडून ऐकलं होतं, आणि काल माझ्याच तोंडून. भावाच्या तोंडून कधी नाही. ते ज्या कामासाठी घेतलं जात होतं ते वाईट होतं, पण नाव ते नाव. 

धोंडूनं नारळ देवापुढे ठेवला, हात जोडले आणि सुरात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, काल रत्नागिरीला भिकाजीच्या भैनीनं, राहीनं, जो काय शब्द तुज्यापुढं घातला, तो आज भिकाजी मागं घेतोय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," भिकाजी म्हणाला. हळू.

"ह्या घराला राही नावाची लेक नाय, भिकाजीला राही नावाची भैन नाय रे म्हाराजा..."

धोंडू थांबला. इथे हुंकार यायचा. आला नाही.

धोंडूनं वळून बघितलं नाही. जुना माणूस, त्यानं तेच वाक्य तसंच्या तसं पुन्हा म्हटलं. "ह्या घराला राही नावाची लेक नाय, भिकाजीला राही नावाची भैन नाय रे म्हाराजा."

भिकाजी उभा. ओठ घट्ट. पालीच्या त्या गड्याला मारायला जाताना त्याचा चेहरा असाच झाला होता. पण इथे मारायला समोर कोणी नव्हतं.

मला त्याची कीव आली. हा माणूस देवापुढे खोटं बोलू शकत नव्हता आणि घरात खरं सोसू शकत नव्हता, आणि ह्या पेचात त्याला मीच आणून उभं केलं होतं. मला वाटलं, आपणच व्हय म्हणून टाकावं. दोघंही सुटू. तो पाव्हण्यांना तोंड दाखवायला मोकळा, मी विठूच्या पाटावर बसायला मोकळी. घसा खाकरून मी तोंड उघडलं.

"तू गप ऱ्हा," भिकाजी म्हणाला. माझ्याकडे न बघता.

धोंडूनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यानं जोडलेले हात सोडले. मग देवापुढचा नारळ उचलून त्यानं भिकाजीच्या हातात दिला, न फोडता, आणि पुन्हा आपल्या फुलांकडे वळला.

आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरलो. वाटेवरचा कातळ तापायला लागला होता. भिकाजी पुढे, मी मागे, नेहमीसारखे. काजूच्या झाडांपाशी तो थांबला, नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला.

"विठूला नको म्हनून सांगतंय," तो म्हणाला.

मी काजूच्या झाडाला हात टेकला. 

"फुडल्या आयतवारी पाव्हने येतील. त्यांच्याफुडं केस मोकळं टाकून फिरू नको. बरा दिसत नाय." तो पुन्हा चालायला लागला होता, त्यामुळे पुढचं मला त्याच्या पाठीमागूनच ऐकू आलं. "सगुणा बांधते ना, तसा आंबाडा बांध."

मी बरं म्हटलं.